मूल कोणत्या रकान्यात?

शिरूर आणि दौंड हा कागदाशी जुनं वैर असलेला मुलूख आहे. १२ मे १८७५ रोजी सुप्याच्या बाजारात दंगा उसळला आणि पुढच्या काही आठवड्यांत भीमथडी, शिरूर, इंदापूर, हवेली भागातल्या गावांत शेतकऱ्यांनी सावकारांची घरं गाठली. आजच्या दौंडचा मुलूख तेव्हा भीमथडीत मोडत होता. सरकारी चौकशीत एक गोष्ट ठळकपणे पुढे आली. जमावाला सावकारांचे जीव नको होते, त्यांच्याकडचे कर्जरोखे आणि हुकूमनामे हवे होते. हाती लागले की ते जाळले जात. कर्ज ज्याच्या डोक्यावर त्याला वाचता येत नव्हतं, आणि ज्याला वाचता येत होतं त्याच्या कुलपात रोखा होता.

मुलांच्या नोंदींची गोष्ट कर्जरोख्यांपासून सुरू करणं विचित्र वाटेल. पण या दोन तालुक्यांत गेल्या सव्वाशेहून अधिक वर्षांत मुलांविषयी जे जे लिहिलं गेलं, दुष्काळी याद्या, सर्वेक्षणाचे तक्ते, अंगणवाडीची रजिस्टरं आणि आताची मोबाइल ॲप्स, त्या सगळ्याला तोच प्रश्न विचारता येतो. नोंद राहते कुणाच्या हातात, आणि ती वाचून मुलासाठी कुणी काही करतं का?

पहिली मोजणी दुष्काळाने करवली. १८८० च्या दशकात इंग्रज सरकारने दुष्काळाचे नियम बांधले. गावात निराधार कोण, फुकट मदत कुणाला द्यावी लागेल, याची यादी गावकामगारांनी तयार ठेवायची. दुष्काळी कामांवर माणसांचे वर्ग पडायचे. मोठी पोरं कामकरी, लहानगी अवलंबून. मुलाला खडी वाहता येते की नाही, इतकीच त्या तपासणीची खोली होती. मूल मुकं आहे, आईबाप मेल्यामुळे धसकलेलं आहे, यासाठी यादीत जागा नव्हती. यादी सरकारच्या तिजोरीसाठी होती आणि तिने आपलं काम चोख केलं.

ती जागा केडगावात तयार झाली, तीही कागदावर नव्हे, चक्क इमारतींच्या रूपाने. पंडिता रमाबाईंनी रेल्वेमार्गालगत केडगावला जमीन घेऊन ठेवली होती. १८९६-९७ च्या दुष्काळात त्या मध्य प्रांतात गेल्या आणि उपासमारीने वाळलेल्या मुली आणि विधवा घेऊन आल्या. पुण्यात प्लेगची धामधूम सुरू झाल्यावर हा सगळा पसारा केडगावला हलला आणि त्यातून मुक्ती सदन उभं राहिलं. १९०० च्या गुजरातच्या दुष्काळानंतर तिथली वस्ती दीड-दोन हजारांच्या घरात गेली. रमाबाईंनी स्वतःचे आईवडील १८७४ च्या दुष्काळात गमावले होते. उपाशी मूल म्हणजे काय, हे त्यांना कुणी समजावून सांगायची गरज नव्हती.

मुक्तीची रचना बघण्यासारखी आहे. अंधांसाठी बार्तिमी सदन, अत्याचार सोसलेल्या स्त्रियांसाठी कृपा सदन, म्हाताऱ्यांसाठी प्रीती सदन. शिवाय शेती, विणकाम, छापखाना. अमेरिकेतल्या मुक्कामात रमाबाईंनी बालोद्यान पद्धतीचा अभ्यास केला होता. मूल काय करू शकतं हे बघून त्याला काम आणि शिक्षण द्यायचं, ही दृष्टी तिथून पक्की झालेली. आजच्या भाषेत ज्याला मुलाच्या आधाराच्या गरजांचं मूल्यमापन म्हणतात, ते केडगावात एका बाईच्या नजरेने आणि तिच्या सहकारी स्त्रियांच्या देखरेखीत होत होतं. धर्मांतराच्या मुद्द्यावरून रमाबाईंवर पुण्यात जी टीका झाली ती या लेखाचा विषय नाही. पण तालुक्यातल्या दिव्यांग मुलांचा इतिहास लिहिताना केडगाव वगळलं जातं, हे मात्र नीट नाही. रमाबाई ५ एप्रिल १९२२ रोजी गेल्या. मुक्ती मिशन अजून तिथेच आहे.

त्याच सुमाराला शिरूर तालुक्यात वेगळ्या जातीचा कागद आला होता. पुण्याच्या शेतकी कॉलेजातले डॉ. हॅरल्ड मॅन आणि ना. वि. कानिटकर यांनी जातेगाव बुद्रुक या कोरडवाहू गावाचा घरोघर हिशेब मांडला. ‘लँड अँड लेबर इन अ डेक्कन व्हिलेज’ या अभ्यासाचा हा दुसरा भाग १९२१ मध्ये प्रसिद्ध झाला. शेताचे तुकडे, उत्पन्न, खर्च, देणं. बहुतेक कुटुंबं साध्या गरजाही भागवू शकत नाहीत, असं त्यात आकड्यांनी दिसलं. भारतीय ग्रामीण अर्थशास्त्रात हे पुस्तक मैलाचा दगड ठरलं. जातेगावची पोरं त्यात आहेत, पण खाणारी तोंडं म्हणून. कुटुंबाचं दारिद्र्य मोजता येत होतं, पण त्या दारिद्र्यात वाढणारं एकेक मूल मोजायचं हत्यार अजून कुणाकडे नव्हतं.

असलं एक हत्यार तयार होत होतं धारवाडकडे. व्ही. व्ही. कामत यांनी स्टॅनफर्ड-बिने बुद्धिमापन चाचणी मराठी आणि कन्नड मुलांना लागू पडेल अशी बदलून घेतली. त्यांचं पुस्तक १९४० मध्ये निघालं आणि ‘बिने-कामत चाचणी’ हे नाव पुढे कित्येक दशकं देशभरच्या मानसतज्ज्ञांच्या तोंडी राहिलं. नंतर नागपूरच्या मॅलिन यांनी वेश्लरच्या बुद्धिमापन चाचणीचं भारतीय रूप केलं. म्हणजे मतिमंदत्व ठरवायची दोन खूप वापरलेली हत्यारं मराठी मुलखाच्या आसपास घडली. गंमत अशी की त्यांच्यापर्यंत पोहोचायला शिरूर-दौंडच्या पोरांना पुणे गाठावं लागे. पुण्यात १९६४ मध्ये ‘कामायनी’सारखी शाळा निघाली, पण पाटस किंवा न्हावऱ्याच्या घरातलं मंदगती मूल गावात ‘येडं’ म्हणूनच वाढत राहिलं. चाचणीला शांत खोली, प्रशिक्षित माणूस आणि दोन तासांचा वेळ लागतो. खेड्यात यातलं एकही नव्हतं.

या दोन तालुक्यांत मुलाच्या नोंदीला खरी धार आली ती वढू बुद्रुकमध्ये. संभाजी महाराजांच्या समाधीमुळे हे गाव सगळ्या महाराष्ट्राला माहीत आहे. आरोग्यक्षेत्रातल्या लोकांना ते दुसऱ्या कारणाने माहीत आहे. पुण्याच्या केईएम रुग्णालयाच्या डॉ. बानू कोयाजी १९७० च्या दशकात इथे आल्या. शहरातल्या मोठ्या रुग्णालयाच्या प्रमुख असलेल्या या पारशी बाईंना एक गोष्ट छळत होती. खेड्यातली बाळंतीण आणि बाळ रुग्णालयात पोहोचतं तेव्हा उशीर झालेला असतो. त्यांनी गावातल्याच थोड्याफार शिकलेल्या माणसांना हाताशी धरून प्रशिक्षण दिलं, गावोगाव आरोग्याचे वाटाडे उभे केले. १९९३ मध्ये त्यांना मॅगसेसे पुरस्कार मिळाला, त्यात वढूच्या कामाचा वाटा मोठा होता.

कोयाजींच्या पद्धतीत एक साधी गोष्ट होती, जी पुढच्या सगळ्या साधनांत हरवत गेली. वहीत लिहिणारी बाई आणि घरी परत जाणारी बाई एकच होती. अमक्या घरात बाळ कमी वजनाचं आहे, हे तिने लिहिलं तर आठवड्याने त्या घराचा उंबरा तिलाच ओलांडायचा असे. त्यामुळे वही खोटी लिहून भागत नसे. शिवाय ती गावचीच होती. बाळाची आई पहाटे कुणाच्या शेतात खुरपायला जाते, सासू दुधात पाणी घालते की पाण्यात दूध, हे तिला वही न उघडताच ठाऊक असे.

वढूच्या परंपरेतून पुढे ऑगस्ट २००२ पासून मोठं काम सुरू झालं. शिरूर आणि हवेली तालुक्यांतल्या २२ गावांत घराघराची आरोग्य आणि लोकसंख्या निरीक्षण व्यवस्था बसवली गेली. प्रत्येक माणसाला स्वतंत्र क्रमांक, आणि ठरावीक काळाने पुन्हा त्याच घरी फेरी. जन्म, मृत्यू, गरोदरपण, गावात येणं, गाव सोडणं, सगळं नोंदायचं. सुरुवातीला कागदी फॉर्म होते, मग ते पुण्यात संगणकावर चढवले जात. पुढे क्षेत्रकार्यकर्त्यांच्या हातात थेट यंत्रं आली. कोरेगाव भीमा, सणसवाडी, शिक्रापूर या पट्ट्यात कारखाने वाढले, भाड्याच्या खोल्या वाढल्या, आणि रोज नवं कुटुंब येणाऱ्या चाळींमध्ये ही मोजणी करणं कठीण होत गेलं. तरी ती चालू राहिली.

या नोंदींचा देशाला काय उपयोग झाला, त्याचं एक उदाहरण पुरेसं आहे. बाळांना जुलाबाने मारणाऱ्या रोटाव्हायरसविरुद्धच्या ‘रोटावॅक’ या भारतीय लशीची मोठी चाचणी दिल्ली, वेल्लोर आणि वढू अशा तीन ठिकाणी झाली. एकूण ६,७९९ बाळं तिच्यात होती. कोणतं बाळ कुठल्या घरी आहे, त्याला कधी जुलाब झाले, हे वर्षानुवर्षं सांगू शकणारी यंत्रणा असेल तिथेच अशी चाचणी होऊ शकते. २०१४ मध्ये लशीला परवाना मिळाला आणि २०१६ पासून रोटाव्हायरसची लस सरकारी लसीकरणात टप्प्याटप्प्याने येऊ लागली. शिरूरच्या बाळांच्या नोंदीतून बिहार-ओडिशाच्या बाळांचं भलं झालं.

पुणे जिल्ह्यातल्याच सहा खेड्यांत १९९३ पासून केईएमचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि साउदॅम्प्टनच्या कॅरोलाइन फॉल यांनी गरोदर बायांचा आणि त्यांच्या बाळांचा अभ्यास केला. जन्मतः त्या बाळांचं सरासरी वजन २.७ किलो भरलं, तर इंग्लंडमधल्या बाळांचं ३.५ किलो. पण कातडीखालची चरबी मोजणाऱ्या चिमट्याने वेगळंच दाखवलं. पुणेरी खेड्यातलं बाळ स्नायूंनी बारीक होतं, चरबीत फारसं मागे नव्हतं. वरून कृश, आतून स्निग्ध. पुढच्या आयुष्यातल्या मधुमेहाची बीजं अशा बाळांत शोधली गेली. नुसत्या वजनाच्या रकान्यावर विसंबणाऱ्या प्रत्येक यंत्रणेने हा निष्कर्ष भिंतीवर लावून ठेवायला हवा.

आणि वजनाच्या रकान्यावर विसंबलेली देशातली सगळ्यात मोठी यंत्रणा म्हणजे अंगणवाडी. २ ऑक्टोबर १९७५ रोजी देशात ३३ प्रकल्पांनी सुरुवात झाली. हळूहळू ती प्रत्येक तालुक्यात पोहोचली आणि शिरूर-दौंडच्या वाड्यावस्त्यांवर समाजमंदिरात, देवळाच्या ओट्यावर, कधी सेविकेच्या स्वतःच्या पडवीत भरू लागली. साधनं ओळखीची होती: लोंबता काटा, त्याला अडकवलेली झोळी, झोळीत हातपाय झाडत रडणारं पोर आणि हिरव्या-पिवळ्या-लाल पट्ट्यांचा वाढीचा तक्ता. या तक्त्याचं मूळ नायजेरियात आहे. डेव्हिड मॉर्ले या इंग्रज डॉक्टरने तिथल्या खेड्यात काम करताना आईच्या हाती राहील असं वाढीचं कार्ड तयार केलं. आईनेच ते जपून ठेवायचं आणि दर वेळी सोबत आणायचं, ही त्याची मूळ कल्पना. दवाखान्यातली कागदपत्रं हरवतात, आया कार्ड हरवत नाहीत, असा त्याचा अनुभव होता.

भारतात मात्र कार्डाच्या जोडीला रजिस्टरं आली, आणि ती वाढतच गेली. कुटुंब सर्वेक्षण, पूरक आहार, पूर्वशालेय शिक्षण, लसीकरण, गृहभेटी, वजन, जन्म-मृत्यू. अखेर त्यांची संख्या अकरा ठरवण्यात आली. सेविका सकाळी मुलांना गाणी शिकवायची, दुपारी रकाने भरायची, आणि महिनाअखेरीस पर्यवेक्षिकेला द्यायच्या मासिक अहवालासाठी त्याच रकान्यांच्या बेरजा करायची. एकच मूल चार वह्यांत चार वेळा लिहिलं जाई. बेरीज जुळली नाही की ती जुळवली जाई. हे गुपित नव्हतं.

२००८ च्या सुमारास एक वेगळाच बदल झाला. तोवर मुलांची श्रेणी जुन्या भारतीय वर्गवारीनुसार पहिली ते चौथी अशी ठरत असे. मग जागतिक आरोग्य संघटनेने ब्राझील, घाना, भारत, नॉर्वे, ओमान आणि अमेरिका अशा सहा देशांतल्या मुलांवरून काढलेली मानकं लागू झाली. मुलगा आणि मुलगी यांचे आलेख वेगळे, वयाचा महिना अचूक हवा. पोर तेच, काट्यावरचं वजन तेच, पण एका रात्रीत कुणी चांगल्या श्रेणीतून खाली आलं तर कुणी वर चढलं. आईला हे समजावून सांगण्याचं काम अर्थातच सेविकेकडे आलं.

मग मोबाइल आला. ८ मार्च २०१८ रोजी पोषण अभियान सुरू झालं आणि त्याच्यासोबत अंगणवाडीसाठीचं ‘कॅस’ हे सॉफ्टवेअर. अकरापैकी दहा रजिस्टरांची जागा ते घेणार होतं. अमेरिकेतल्या डिमागी कंपनीच्या कॉमकेअर या पायावर ते उभं होतं आणि गेट्स फाउंडेशनचं साहाय्य त्याला होतं. कोणत्या घरी आज भेट द्यायची हे ते सेविकेला सांगत असे. हा गुण मोठा होता, कारण नोंद आणि कृती यांची गाठ त्याने पुन्हा बांधली होती. पण दोन-अडीच वर्षांत ते गुंडाळलं गेलं आणि १ मार्च २०२१ पासून केंद्राचा ‘पोषण ट्रॅकर’ सुरू झाला. एका साधनाची सवय होते न होते तोच दुसरं.

महाराष्ट्रात त्याने जो गदारोळ केला तो वर्तमानपत्रांत सविस्तर आला आहे. ॲप इंग्रजीत, लाभार्थ्यांची नावं इंग्रजीत टंकायची, सरकारने दिलेले फोन जुने आणि अपुऱ्या क्षमतेचे, मध्येच बंद पडणारे. दुरुस्तीचा खर्च सेविकेच्या माथी. २०२१ च्या ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये राज्यभरच्या सेविकांनी फोन प्रकल्प कार्यालयांत परत नेऊन दिले. भाषेचा वाद मुंबई उच्च न्यायालयापर्यंत गेला. शहरी वाचकाला तेव्हा वाटलं, या बायांना तंत्रज्ञान नको आहे. वस्तुस्थिती निराळी होती. त्याच बाया स्वतःच्या फोनवरून व्हॉट्सॲपवर अहवाल, फोटो, सूचना सगळं पाठवत होत्या. त्यांना नको होतं ते असलं साधन, जे त्यांच्या भाषेत बोलत नाही, आणि तरी चुकलं तर मानधन कापण्याचा धाक दाखवतं.

न्यायाने बघायचं तर ॲपने केलेलं भलंही सांगायला हवं. उंची, वजन आणि जन्मतारीख भरली की मूल खुजं आहे का, उंचीच्या मानाने वजन कमी आहे का, हे यंत्र क्षणात सांगतं. पूर्वी ही आकडेमोड तक्त्यावर बोट फिरवून करताना चुका होत. वयाचा एक महिना चुकला तरी श्रेणी बदले. दंडघेर ११.५ सेंटिमीटरच्या आत आला की तीव्र कुपोषण, ही फीत वापरणं सोपं आहे, पण खुजेपण फितीने कळत नाही. यंत्राने हा हिशेब सोडवला. पुढे ॲपमध्ये मराठीही आली. वरच्या अधिकाऱ्याला आज कोणत्या गावात किती मुलांची मापं घेतली, हे बसल्या जागी दिसू लागलं.

खालच्या बाजूला काय झालं? मुलाचा आलेख सेविकेच्या फोनमध्ये गेला. माता-बाल संरक्षण कार्ड अजून आहे, पण ॲपही भरायचं, वहीही लिहायची आणि कार्डही, एवढं एका सेविकेकडून होत नाही. मग मागे पडतं ते कार्ड, कारण त्याचा जाब वरून कुणी विचारत नाही. मागच्या महिन्यापेक्षा रेघ खाली वळली हे आईला दाखवायचं म्हणजे आधी फोन चार्ज हवा, रेंज हवी आणि सेविकेला सवड हवी. मॉर्लेने जे आईच्या हातात दिलं होतं ते कागदाबरोबर तिच्याकडून निघून चाललं आहे. १ जुलै २०२५ पासून घरपोच आहारासाठी लाभार्थी आईचा चेहरा ओळखणंही सक्तीचं झालं. पाकीट योग्य बाईला मिळालं याची खातरजमा झाली, पण पाकिटातलं घरी कुणी खाल्लं, ते पोराला आवडलं का, त्याला जुलाब झाले का, यासाठी कॅमेरा काय करणार?

साधन कसं घडवावं, याचा एक धडा महाराष्ट्रातच उपलब्ध आहे. गडचिरोलीत ‘सर्च’ संस्थेच्या डॉ. अभय आणि राणी बंग यांना दायांकडून बाळाचा न्यूमोनिया ओळखून घ्यायचा होता. मिनिटातले श्वास मोजायला हवेत, पण दायांना मोठे आकडे मोजता येत नव्हते. मग वाळूचं एक मिनिटाचं घड्याळ आणि मण्यांच्या रांगा असलेलं साधन तयार झालं. दहा श्वासांना एक मणी सरकवायचा, आणि ठरलेला मणी ओलांडला की न्यूमोनिया. आधी दाईची बोटं पाहिली, मग यंत्र केलं. पोषण ट्रॅकरच्या बाबतीत क्रम उलटा होता. दिल्लीला काय हवं ते आधी ठरलं आणि सेविकेची बोटं नंतर त्याला जुळवून घ्यायला शिकली.

शिरूर-दौंडमध्ये या सगळ्याची खरी परीक्षा ऑक्टोबर-नोव्हेंबरात लागते. न्हावऱ्याचा घोडगंगा, पाटसचा भीमा, आलेगावचा दौंड शुगर, ही इथल्या कारखान्यांची नावं. शिवाय केडगाव-यवत पट्ट्यातली गुऱ्हाळं. दसरा-दिवाळीच्या आसपास बीड आणि अहिल्यानगरकडून टोळ्या येतात. मुकादमाकडून उचल घेतलेला एक कोयता म्हणजे नवरा-बायकोची जोडी, आणि जोडीमागे दोन-तीन पोरं. ती गावच्या अंगणवाडीच्या पटावर असतात आणि इथल्या पटावर नसतात. गावाकडे ‘गैरहजर’, इथे ‘बाहेरचे’. पहाटे तीनला आईबाप फडात गेले की खोपीत धाकट्याला सांभाळणारी सात-आठ वर्षांची मुलगी कोणत्याच यादीत ‘आधाराची गरज असलेली’ म्हणून येत नाही, कारण ती स्वतःच आधार आहे.

या पोरांसाठी ‘जनार्थ’सारख्या संस्थांनी कारखान्यांवर साखरशाळा चालवल्या. १ एप्रिल २०१० पासून शिक्षण हक्क कायदा लागू झाला, सगळी मुलं नियमित शाळेतच जावीत असं ठरलं आणि वेगळ्या साखरशाळा मागे पडल्या. तत्त्व योग्य होतं, पण फडापासून शाळा किती लांब, हे तत्त्वाने मोजलं नव्हतं. शिक्षण हमी कार्ड आलं, तेही पुन्हा कागदच. मूल जिथे जाईल तिथल्या शाळेने कार्ड बघून त्याला बसवून घ्यायचं. ४ जुलै २०१५ रोजी तर सबंध राज्यात एका दिवसात शाळाबाह्य मुलं शोधली गेली. मोजलेल्या मुलाच्या बोटाला मतदारासारखी शाई लावायची. जुलैत ऊसतोडणी नसते, टोळ्या गावी असतात. ज्या पोरांची शाळा हंगामात बुडते ती पोरं त्या दिवशी आपापल्या गावी होती. त्याच वर्षी ‘सरल’ प्रणाली आली आणि प्रत्येक विद्यार्थ्याला राज्यभर चालणारा क्रमांक मिळू लागला. २०२२ च्या सुमारास महिला व बालविकास विभागाने स्थलांतरित माता-बालकांचा माग ठेवणारी प्रणाली सुरू केली. डिजिटल नोंदीचा सगळ्यात मोठा उपयोग या स्थलांतरातच आहे. कागद गावात अडकतो, क्रमांक पोराबरोबर फिरू शकतो. अट एकच, न्हावऱ्याच्या सेविकेने तो क्रमांक आपला मानायला हवा. त्यासाठी तिच्या केंद्राच्या मंजूर आहारात हंगामापुरती वाढ हवी, आणि हा निर्णय कुठलंही ॲप घेत नाही.

दिव्यांग मुलांच्या बाबतीतही गोष्ट फार निराळी नाही. १९९५ च्या कायद्यात अपंगत्वाचे सात प्रकार होते, २०१६ च्या कायद्यात एकवीस झाले. महाराष्ट्राने २०१२ च्या सुमारास ‘साडम’ या सॉफ्टवेअरवर अपंगत्वाची प्रमाणपत्रं द्यायला सुरुवात केली, पुढे ते काम केंद्राच्या यूडीआयडी कार्डात विलीन झालं. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाची देशातली सुरुवात ६ फेब्रुवारी २०१३ रोजी पालघरला झाली, आणि तेव्हापासून डॉक्टरांची पथकं गाडीने अंगणवाड्यांत आणि शाळांत जाऊन मुलं तपासतात. २०२२ मध्ये एनसीईआरटीने शाळेतल्या मुलांमधलं अपंगत्व चाळून ओळखण्यासाठी ‘प्रशस्त’ हे ॲप आणलं. पहिला टप्पा वर्गशिक्षकाने भरायचा, दुसरा विशेष शिक्षकाने. वर्गात रोज समोर बसणाऱ्या मुलाबद्दल शिक्षकाला विचारणं, ही कल्पना चांगली आहे. मात्र ॲपने शंका उपस्थित केली की प्रमाणपत्रासाठी बहुधा पुन्हा पुण्याचं औंध किंवा ससून रुग्णालय गाठायचं. शिरूरहून सुमारे सत्तर किलोमीटर. बापाची एका दिवसाची मजुरी, एसटीचं भाडं, आणि तिथे नंबर लागला नाही तर पुन्हा एक दिवस. गाळणी गावात आली, पण तिच्यात सापडलेल्या मुलाला लागणारा भाषोपचार किंवा भौतिकोपचार अजून शहरातच आहे.

ज्या मुलांना घरच नाही किंवा घरात सुरक्षितता नाही, त्यांच्यासाठी बाल न्याय कायद्याखाली सामाजिक तपासणी अहवाल असतो. २०१६ च्या नियमांत तो नमुना २२ म्हणून ओळखला जातो. कुटुंब, आजार, व्यसन, शाळा, मुलाची स्वतःची इच्छा, असं पुष्कळ काही त्यात विचारलेलं आहे. कोविडमध्ये आईबाप गेलेल्या मुलांची नोंद ‘बाल स्वराज’ पोर्टलवर झाली आणि बालसंगोपन योजनेकडे अचानक सगळ्यांचं लक्ष गेलं. २०२३ पासून ती क्रांतिज्योती सावित्रीबाई फुले यांच्या नावाने चालते आणि एका मुलामागे महिन्याला २,२५० रुपये मिळतात. नोंद आणि पैसे यांची थेट गाठ असली की लोक स्वतःहून कागद घेऊन रांगेत उभे राहतात, हे त्यातून दिसलं. ज्या नोंदीमागे काहीच मिळत नाही ती भरून घ्यायला मात्र धाक लागतो.

एवढ्या सगळ्या साधनांची रांग लावून पाहिली तर निवाडा अवघड नाही. वढूची वही टिकली, कारण लिहिणाऱ्याला परत जायचं होतं. कॅसमधला कोणत्या घरी आज जायचं हे सांगणारा भाग चांगला होता आणि तो टिकवायला हवा होता. पोषण ट्रॅकर हिशेबाला उत्तम, पण आईसाठी मुका. सगळ्यात आधी आईला तिच्या पोराचा आलेख मराठीत, तिच्या फोनवर किंवा छापील कागदावर, दर महिन्याला मिळाला पाहिजे. दुसरं, ऊसतोड टोळीतलं पोर नोव्हेंबरात इथल्या पटावर आपोआप चढलं पाहिजे आणि एप्रिलमध्ये परत गावच्या पटावर गेलं पाहिजे. तिसरं, ज्या मुलाची श्रेणी लाल झाली त्याच्या घरी कोण गेलं आणि काय केलं, हे विचारणारा रकाना सक्तीचा हवा, आणि तो भरण्याचा जाब सेविकेबरोबर पर्यवेक्षिका आणि प्रकल्प अधिकाऱ्यालाही असायला हवा.

तोवर शिरूर-दौंडच्या वाचकांना एकच विनंती आहे. घरात सहा वर्षांखालचं मूल असेल तर पुढच्या पालकसभेला अंगणवाडीत जा, सेविकाताईंकडून मुलाची या महिन्याची उंची आणि वजन माता-बाल कार्डावर लिहून घ्या, आणि रेघ वर जाते आहे की खाली, ते त्यांनाच विचारा. शेजारच्या फडावर टोळी उतरली असेल तर त्यांच्या पोरांनाही सोबत घेऊन जा.